सोमवारची दुसरी पाळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय आशुतोष वैद्य साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती धनेश घरत साहेब, सुचितावहिनी, आणि पाळी संपली तरी घरी न जाता इथे कॅन्टीनमध्ये थांबलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

घरतसाहेब निवृत्त होत नाहीत, राजीनामा देऊन चाललेत. शाल दोन्हीला सारखीच असते, म्हणून आपलं सांगितलं.

मुख्य कार्यालयातून दर महिन्याला आराखडा येतो: रिॲक्टरवर प्रत्येक पाळीला तीन माणसं. त्या आकड्यांच्या जागी नावं घालायची, हे साहेबांचं काम. पण वेळापत्रक फलकावर लावण्याआधी ते प्रत्येकाकडे जाऊन विचारायचे, "जमेल ना?" मी त्यांची मदतनीस. एकदा म्हटलं, "साहेब, ड्यूटी लावतोय की लग्नाची आमंत्रणं करतोय?" म्हणाले, "अस्मिता, एखादा पाहुणा नाही आला तरी पंगत उठते. रिॲक्टरचं तसं नाही."

यंदा माणसं कमी झाली, आराखड्यातले आकडे मात्र तेच राहिले. मेळ बसवायचा तर रिॲक्टरवरच्या आपल्या पंढरीदादांना लागोपाठ दोन पाळ्या. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं. दादा म्हणाले, "नाय रं जमनार माना. दुसऱ्या पालीला डोलं मिटतान. वॉल्व कोन बघल?"

साहेबांनी ती जागा रिकामी ठेवूनच वेळापत्रक लावलं. वरून फोन आला, "नाव घाला." त्यांनी घातलं नाही. पुढचं आपण जाणताच.

मग मी पुन्हा का सांगतेय? कारण ते काम आता माझ्याकडे आलंय, आणि सोमवारची दुसरी पाळी अजून भरलेली नाही. वैद्य साहेब सकाळी मला म्हणाले, "मॅडम, विचारत बसू नका. भरून टाका." रागावून नव्हे, थकून म्हणाले. त्यांच्यावरही दडपण आहे, हे मला दिसतं.

तरी मगाशी समोसे वाटताना मी दादांना विचारलंच. उत्तर तेच आहे. तेव्हा वैद्य साहेब, तिसरा माणूस द्यायचा की त्या पाळीला रिॲक्टर बंद ठेवायचा, हे आपण ठरवावं. मी तिथे पंढरीदादांचं नाव लिहिणार नाही.

घरतसाहेब, तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं, आभारी आहे. संयोजकांचेही आभार, त्यांनी दोनच शब्द सांगितले होते, मी लांबवलं. कुणाचा मान राखण्यात कमी पडले असेन तर सांभाळून घ्या. अध्यक्षीय भाषण अजून व्हायचंय. ते ऐकल्याशिवाय आज कुणी घरी जाणार नाही.