मीरा, मंजिरी आणि दुकानातली फरशी

आमची मैत्रीण मंजिरी काय चीज आहे, ते एका प्रसंगावरून सांगते. ती अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे, लग्न केलेलं नाही. तिनं नागपूरच्या एका संस्थेतून पाच वर्षांची मीरा दत्तक घेतली. मीरा संस्थेतल्या सवयीनं तिला 'मॅडम' म्हणायची, आणि मंजिरीनं तिला कधी टोकलं नाही.

पहिल्याच महिन्यात एकदा ग्रोसरी स्टोअरमधली गर्दी बघून मीरा घाबरली आणि फरशीवर आडवी पडून रडायला लागली. मंजिरीनं हात लावला की आणखी जोरात. एक अमेरिकन बाई थांबली आणि संशयानं म्हणाली, "ही तुमचीच मुलगी आहे का?"

मी असते तर कागदपत्रं दाखवत बसले असते यार. मंजिरी शांतपणे "हो, माझीच" म्हणाली आणि ऑफिसच्या कपड्यांतच मीराशेजारी आडवी झाली.

"तुला वाटेल तेव्हा उठू. मला घाई नाही."

मीराचं रडणं हळूहळू थांबलं. डोळे पुसून तिनं आजूबाजूला पाहिलं आणि कुजबुजली, "आई, ऊठ ना. लोक बघतायत."

मंजिरी म्हणते, "उठणार कशी गं? आता मीच रडत होते."