तिसरी प्रत

— नाही आप्पासो, मी अडवलेलं नाही कुणाला. मालक असून दोन जिने चढून आलात, आधी पाणी घ्या. आणि हळू बोला हं, पोरगी आत्ताच झोपलीय. हा पेनड्राइव्ह, ठेवला टीपॉयवर. कुस्तीच्या आपल्या अॅपची सहीची चावी ह्यात आहे — तुमचीच आहे. चोरायची असती तर लसीकरणाच्या कार्डात लपवली असती का? म्हणजे, होती तिथंच — पण हरवू नये म्हणून! गॅसचं बटण तीनदा बघणारी बाई मी. चावीच्या तीन प्रती केल्या तेव्हा अख्खं ऑफिस हसलं होतं. आता मी हसायला हवं, तर मलाच वाटत राहतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

पण चुकलं कुठं, सांगा ना? बाळंतपणाला इस्लामपूरला माहेरी जायच्या आधी यशराजरावांना समोर बसवून सांगितलं होतं — टीव्हीवरचं अॅप एकदा ज्या चावीनं सही करून सोडलं, त्याचं प्रत्येक अपडेट त्याच चावीनं. चावी बदलली की स्टोअर दारातच उभं करतं, हे तुमचं नव्हेच म्हणतं. ते 'हो वहिनी, हो वहिनी' करत मोबाइल बघत होते. तुमचे जावई, मी काय बोलणार! मग कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्यांनी तो पुसून कोरा केला — पहिली प्रत गेली. दुसरी पाकिटात घालून मी वर लाल पेननं 'अॅपची चावी' लिहिलेलं. ती तुम्ही खंडेनवमीला पूजेत मांडलीत, हळदकुंकू वाहिलंत — आणि निर्माल्याबरोबर प्रीतिसंगमावर सोडून आलात! माफ करा, आता मात्र हसू आलं. कृष्णामाई काही अपडेट देणार नाही, आप्पासो.

रविवारी जुना सर्व्हर बंद होतोय, ठाऊक आहे मला. अपडेट गेलं नाही तर ऐन कुस्त्यांच्या मैदानाच्या दिवशी अकरा हजार घरांतले टीव्ही काळे. नवं अॅप सोडता येईल की — पण कान मोडलेले म्हातारे पैलवान रिमोट घेऊन ते शोधत बसणार का? नाही बसणार. म्हणून तर आलात.

चावी उघडायचा पासवर्ड? तो देणार नाही. कितीही विचारा — देणार नाही. कामावर परत येते म्हटल्यावर फोनवर काय म्हणालात? 'बाळ सांभाळा आता, खुर्ची भरलीया.' ते अॅप सातव्या महिन्यापर्यंत पाय सुजवून मी केलंय. चावी तुमची, पण सही मीच करणार — माझ्या खुर्चीत बसून, कामावर परत घेतल्याचं पत्र हातात आल्यावर. ही अडवणूक झाली का? झाली असेल थोडी. असू दे.

नाही, कुठं लिहूनही ठेवलेला नाही. नाव आहे ते, आणि पुढं आकडे. ही पोटात असताना तिला त्या नावानं बोलवायचे मी. बारशाला नणंदबाईंनी शिवांजली ठेवलं. मी निवडलेलं नाव सासूबाईंना नको होतं — असलं कुणी ठेवतं का म्हणाल्या — आणि मी गप्प बसले. लय गुणाची सून. ते नाव मग पासवर्डातच राहिलं; कामावर होते तोवर रोज निदान टाइप तरी व्हायचं. पण तिथं गप्प बसले म्हणून इथंही बसेन असं — मी कशाला सांगतेय हे तुम्हाला?

उठली वाटतं. आले गं, आले — नको रडू, कोयना, आले ना मी —

…

गप्प झाली बघा. त्या नावानं मोठ्यानं पहिल्यांदाच हाक मारली तिला.

काढलेलं पेन खिशात ठेवा, आप्पासो. ऐकलंत ते ऐकलंत; आकडे अजून माझ्यापाशी आहेत. उद्या दहाला येते — हिला घेऊन. पत्र तयार ठेवा, आणि खिडकीजवळ पाळण्यापुरती जागा. पेनड्राइव्ह न्यायचा तर न्या, फक्त पूजेत मांडू नका.

या आता. दार हळू लावा.