ज्याचं तोंड, त्याचाच हात

—नाही, पुन्हा सांग. दहा आज्ञा नीट म्हटल्यास, सातही संस्कार ओळीने आले, त्यात मी खोट काढत नाही, पण तोंडपाठ येणं निराळं आणि वेळेला सुचणं निराळं. आणि जरा मोठ्याने बोल, बाई, मशीन चालू आहे. मीसुद्धा मोठ्यानेच बोलते, इतकी वर्षं मशीनवर बसून घसाच तसा झालाय — शेजारीण म्हणते, तू कानात काही सांगितलंस तरी गल्लीला कळतं. असो. ती टाचणीची डबी सरकव इकडे. तर काय विचारलं होतं मी — बाळ जन्मलं, जगेल असं दिसत नाही, फादर लांब आहेत, मग स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, कोण देणार? बरोबर. कोणीही. नर्स देईल, शेजारी देईल, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा देईल, मनात फक्त एवढं हवं की चर्च जे करतं तेच मला करायचंय. हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं आणि विचारलं तर सांगतातही सगळे घडाघडा. पण वेळ आली की फादरला बोलवा, फादरला बोलवा म्हणत सगळे दाराकडे धावतात. पाणी तिथेच असतं, उशाशी.

हसू नकोस. तू भावाच्या बाळाची धर्ममाता, गॉडमदर होणार आहेस, वरून आत्याही. धर्ममाता म्हणजे फोटोत बाळाला धरून उभी राहणारी बाई नव्हे. तुझ्या वहिनीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय ना — तूच सांगितलंस मघाशी, म्हणून म्हणते. देव करो नि सगळं सुखरूप होवो, हा झगा मी त्याच भरवशावर शिवतेय, बघ, गळ्याला लेस लावलीय, बाळाला टोचणार नाही अशी मऊ. पण तुला यायला हवं. घे, तो पेला घे आणि या गुंडाळलेल्या कापडाला बाळ समज. ओत. अगं, ओलं होऊ दे, जुनं अस्तर आहे ते. पाणी कपाळावरून वाहिलं पाहिजे, नुसतं ओलं बोट टेकवून भागत नाही. आणि ओतता ओतताच म्हणायचं — मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देते. ओतताना. आधी नाही, मग नाही.

थांब. थांब, आत्ता काय केलंस तू? पेला माझ्याकडे का दिलास? बाळ दोन्ही हातांत धरलंस म्हणून मी ओतू आणि तू शब्द म्हणणार? नाही. अजिबात नाही. बाळ ठेव खाली, मांडीवर घे, एका हातावर पेल, काय वाटेल ते कर, पण ज्याचं तोंड त्याचाच हात. एकाने म्हटलं आणि दुसऱ्याने ओतलं तर काही होत नाही. काही होत नाही म्हणजे काहीच होत नाही — पाणी सांडलं, एवढंच. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे इतक्यांदा सांगते की पोरं माझी नक्कल करतात, मला कळतं. करू देत. तू नको करूस ही चूक. घाबरलीस? मी ओरडले का? आवाजच तसा आहे माझा, मनावर घेऊ नकोस.

हो, त्या आतल्या खोलीत सासूबाई आहेत. माळ जपतायत. दिवसभर चालू असतं, नमो मारिया, नमो मारिया, मला आता पाण्याच्या नळासारखं झालंय, ऐकू येतंय तोवर सगळं ठीक. नाही, आपलं बोलणं नाही ऐकू जात त्यांना, कान मंद झालेत, त्यात हे मशीन. मशीन चालू असलं की त्या खोलीत काही पोचत नाही, म्हणून तर मी शिकवायला इथेच बसवते सगळ्यांना. डॉक्टरांनी हात टेकलेत. म्हणाले, आता औषध नको, त्यांना हवं ते द्या आणि शांत ठेवा. आणि खरंच शांत आहेत बघ, मी इतकी माणसं जाताना पाहिली, मोठमोठी भक्त माणसं, शेवटी कावरीबावरी होतात. या नाहीत. यांना माहीत आहे दारात कोण घ्यायला येणार आहे ते.

छकुली. माझी मुलगी. तुला माहीत नसणार, तू कुठली, तुझी आईसुद्धा तेव्हा परकरात असेल. पहिलं बाळंतपण माझं, घरातच, वेळेच्या आधी. दिवसाची वेळ, लख्ख ऊन होतं खोलीत. सुईण बघूनच डॉक्टरला आणायला गेली, नवरा फादरकडे धावला. खोलीत आम्ही तिघी — मी, सासूबाई आणि नणंद, ती शाळेत जाणारी पोर. आणि मी तुला सांगते, सासूबाई डगमगल्या नाहीत. तोवर आमचं काही फार गूळपीठ नव्हतं, मी केलेलं काही त्यांना पसंत पडायचं नाही, पण त्या दिवशी त्या बाईने जे केलं ते दुसरं कोणी केलं नसतं. छकुलीला दोन्ही हातांत घेतलं. एवढीशी होती, तरी दोन्ही हातांत, निसटेल म्हणून. आणि शब्द म्हटले. स्वच्छ, एकही शब्द इकडचा तिकडे नाही, चर्चमध्ये म्हणतात तसे. मी पडल्या पडल्या आमेन म्हटलं. मग छकुलीने एकदा तोंड उघडलं, जांभई दिल्यासारखं, आणि संपलं.

फादर आले. त्यांनी विचारलं, स्नानसंस्कार दिला? दिला, फादर. पाणी होतं? होतं. शब्द? पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या. फादर म्हणाले, मग रडू नका, तुमच्या घरातून एक जीव थेट देवाजवळ गेला. तेव्हापासून सासूबाई मला लेकीसारखं वागवतात. रोज माळ झाली की शेवटी म्हणतात, छकुली, आमच्यासाठी विनंती कर. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा छकुलीला सांगितलं, नणंद परदेशी निघाली तेव्हा छकुलीला सांगितलं, परवा माझा गुडघा सुजला तोही छकुलीच्या कानावर घातलाय. कोणी आलं की सांगतात, मी काही शिकले नाही, जन्मभर भांडी घासली, पण माझ्या हातून एक काम झालं. माझ्या हातून, म्हणतात. आणि मी चहा गाळत असते.

काय विचारलंस? पाणी कोणी ओतलं? —तू हुशार आहेस. इतक्या पोरींना शिकवलं, कोणी विचारलं नाही, कारण मी कोणाला हे सांगतच नाही, आज तुला काय म्हणून सांगत बसले कोण जाणे, तो पेला तू माझ्याकडे दिलास ना, तेव्हाही तो असाच दुसऱ्याच्या हाती गेला होता. दोन्ही हातांत बाळ असलेल्या बाईने पाणी कसं ओतायचं, सांग? मानेनेच खूण केली नणंदेला. नणंदेने ओतलं. पोर घाबरलेली, पण नीट ओतलं तिने, कपाळावरून वाहिलं, मी पाहिलं. शब्द आईचे आणि पाणी लेकीचं. कोणाला काय ठाऊक? फादरनी सगळं विचारलं, कोणी ओतलं तेवढं नाही विचारलं. त्यांच्याही डोक्यात आलं नसेल.

मला कळलं ते किती उशिरा. शिकवायला लागायचं म्हणून सिस्टरांकडे आमचा वर्ग होता. सिस्टर सहज बोलून गेल्या, ज्याचं तोंड त्याचाच हात, जसं मी तुला बोलले तसं, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. बाजूच्या बायका लिहून घेत होत्या. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, स्नानसंस्काराशिवाय स्वर्ग नाही. नंतर मी एका फादरना विचारलं, म्हणजे दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून विचारलं, तर ते भले गृहस्थ म्हणाले, देवाने आपल्याला संस्कारांनी बांधलंय, स्वतःला नाही बांधून घेतलं, तुम्ही ते बाळ त्याच्या दयेवर सोपवा. पटतं मला. मीही लोकांना हेच सांगते आणि ते खरंच आहे, तूही विश्वास ठेव. पण डोक्याला पटून काय करायचं? आजही घरात कोणी एक जण बोलत असेल आणि दुसऱ्याने पेल्यात पाणी ओतलं, तर मी उठून बाहेर जाते. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर. आणि मग मला ती दिसते, तोंड उघडलेली. ती देवाजवळ असेल गं, मी नाही म्हणत नाही. पण मला ती तिथे दिसत नाही. मला ती अजून त्या खोलीतच दिसते, कपाळ ओलं, कोणीतरी पुसायची वाट बघत असलेली.

आणि हे सगळं मी त्यांना कसं सांगू? माणसाने मरायला टेकावं, एकाच गोष्टीच्या आधारावर, आणि मी ती काढून घेऊ? मी ठरवलंय, मूग गिळून बसायचं, त्यांना सुखाने जाऊ द्यायचं. आधी त्या जातील, मग काय ते मी देवाशी बघून घेईन. त्यांनी डोळे मिटेपर्यंत त्यांना हेच वाटलं पाहिजे की छकुलीला त्यांनी स्नानसंस्कार दिला. दिला नाही त्यांनी. कोणीच दिला नाही. माझ्या पोरीला स्नानसंस्कार झालेलाच नाही, तिघी बायका खोलीत होतो, पाणी होतं, शब्द होते—

काय? अशी का बघतेस?

मशीन. मशीन कधी थांबवलं मी? माझा पाय... तू सांगायचं नाहीस? कधीपासून बंद आहे? सांग ना, तू समोर बसली होतीस. पाणी कोणी ओतलं म्हणालीस, तेव्हा चालू होतं ना? आठव जरा.

गप्प बस. ऐक.

माळ थांबलीय.

झोप लागली असेल. लागते कधीकधी, या वेळेला. लागत नाही, खरं म्हणजे, पण लागली असेल.

—हो, आई? आले. कोणी नाही, धर्मशिक्षणाची मुलगी आलीय. धर्ममाता व्हायचीय तिला. हो, तेच शिकवत होते... कोणाचं? नाही हो, आई, आपल्या घरचं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी. तुम्ही नाही ओळखत त्यांना... नाही, छकुली नाही म्हणाले मी. दुसऱ्या कुणाची तरी मुलगी, आई.

तू ऊठ. झगा झाला की निरोप पाठवीन. तो पेला राहू दे तिथेच. जाताना दार ओढून घे.