शालनताईंनी वाचलेल्या अटी

मंडळी, मलकापूरच्या या हॉलमधले निम्मे लोक एकमेकांना आज पहिल्यांदाच बघतायत. ओळख आहे ती गटावरच्या नावानं. मी तानाजी, कडेगाव तालुक्यातला ऊस करणारा माणूस. माईकसमोर कधी उभा राहिलो नाही. शब्द अडकला तर सांभाळून घ्या.

शालनताई मंगळवारी गेल्या. हृदयविकारानं, अर्ध्या तासात. त्यांनी आयुष्यभर कराडला कचेरीबाहेर बसून खरेदीखतं टाइप केली, म्हणून बारीक अक्षर वाचायची सवय. धाकटी बहीण साप चावून गेली, तेव्हा त्यांनी एका वेबसाइटवर गट काढला, ‘साप दिसला तर’. कुणाला साप चावला की तिथं लिहायचं. कुठल्या दवाखान्यात लस आहे, कुणाची गाडी जवळ आहे, लगेच कळायचं.

गट काढताना वेबसाइटच्या अटी आल्या. आपण काय करतो? न वाचता ‘मान्य आहे’ दाबतो. ताईंनी त्या छापून घेतल्या, पट्टी धरून वाचल्या. मग आम्हाला सांगितलं, गावोगावी आपल्या गटातल्या पाच जणांचे फोन नंबर कागदावर लिहून डेअरीच्या भिंतीला लावा. मी हसलो. म्हणालो, "आवं ताई, मोबाईल हाय की. कागद कशाला?"

त्या म्हणाल्या, "भाऊ, न सांगता गट बंद करायचा हक्क त्यांनी ठेवलाय. आणि आपण त्याला हो म्हटलंय."

त्यांच्या शब्दाखातर कागद लावला. पटलं नव्हतं.

मागच्या तोडणीत सुनंदाला, माझ्या बायकोला, उसाच्या पाचटात पायाला घोणस चावली. भर दुपारी. मी गट उघडला. गट नाही. ‘नियमभंगामुळे बंद.’ एवढंच. पुन्हा उघडला. पुन्हा तेच. मंडळी, ती भीती कशी सांगू? एवढी माणसं पाठीशी होती, आणि एका क्षणात एकही नाही. कुणाचा नंबर मी मोबाईलमध्ये घेतलाच नव्हता. सुनंदा म्हणाली, "आवं, डोळ्याम्होरं अंधार येतोय."

मी डेअरीत फोन लावला. तिथल्या माणसानं भिंतीवरचा नंबर वाचून सांगितला. ताईंनी पहिल्या घंटेला उचलला. पाय हलवू देऊ नका, काही बांधू नका, कापू नका, कराडला आणा, लस आहे, गाडी पाठवते. सुनंदा वाचली. ती बघा, दुसऱ्या रांगेत बसलीय.

गट बंद का झाला? जखमांचे फोटो होते, ते वेबसाइटला हिंसक वाटले. आमची पोरं लय भडकली. शिव्या घालू म्हणाली. ताई म्हणाल्या, शिवी दिली की दुसरा नियम मोडतो. त्यांनी अटींतूनच वाक्य काढलं. आरोग्याच्या माहितीसाठी असे फोटो चालतात, असं तिथंच लिहिलं होतं. मग गटातल्या नर्सबाईंनी वेबसाइटला लिहिलं, जीपवाल्यांनी लिहिलं, मी लिहिलं. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत, आपल्या नावानिशी. नवव्या दिवशी गट उघडला. ते नऊ दिवस फोन वाजला की ताईंचा चेहरा पांढरा पडायचा.

आता खरं सांगतो, मला भीती वाटतेय. गट एकट्या ताईंच्या खात्यावर आहे. खातं दुसऱ्याला देता येत नाही, वापरात नसलं तर बंद होतं. हेही लिहिलेलं आहे. ताईंनी तीनदा सांगितलं होतं, "भाऊ, तुम्ही दुसरे अ‍ॅडमिन व्हा." मी तिन्ही वेळा म्हणालो, तोडणी उरकली की बघू. कुणाचा दोष? माझाच.

आज इकडं येताना गटावर एका बाईंनी लिहिलं, सासूबाईंना चावलंय, काय करू? खाली कुणाचंच उत्तर नाही. सगळे वाचत होते. सगळे ताईंची वाट बघत होते. शेवटी मीच लिहिलं. दवाखान्याचं नाव दिलं, गाडीवाल्याला फोन केला. पोचल्या की नाही, अजून कळलेलं नाही.

दाराशी कोरे कागद ठेवलेत. एकमेकांचे नंबर उतरवून घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका.

ताई, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

आता दोन मिनिटं उभं राहू. शांत राहू. पण मोबाईल बंद करू नका. कुणाचा वाजला, तर उचला.