वरच्या घराची लाल चादर

(शाळा बंद पडल्यावर तिच्याच एका वर्गात मांडलेलं संग्रहालय. मास्तर खुर्चीत, ताईच्या खांद्यावर बाळ. मोटरसायकलवरून आलेला पाहुणा काचेच्या पेटीसमोर.)

ताई : ...‘सकाळी उठलीस की आधी कुंपणावर चादर टाक, मग चहाचं बघ,’ असं वरच्या घरातल्या काकूनं मला इथं राहायला आले त्याच दिवशी बजावलं होतं. मी नुसतं हो हो केलं.

पाहुणा : टाकली नाहीत?

ताई : टाकायची कोणासाठी? आमच्या खालची सगळी घरं कुलपात. बघणार कोण, शेळ्या?

मास्तर : शेळ्याही गेल्या. त्याचं असं आहे पाहुणे, या खोऱ्यात एका घराची हाक दुसऱ्याला जात नाही, पण नजर जाते. प्रत्येकानं आपल्या वरच्या घराकडे बघायचं. कुंपणावर लाल चादर दिसली म्हणजे माणूस उठलंय, हातपाय हलताहेत. नाही दिसली, तर हातातलं काम टाकून वर जायचं. विचार करत बसायचं नाही.

पाहुणा : आणि भांडण असलं तर?

मास्तर : तरी जायचं. आमचे वडील आणि चुलते बांधावरून जन्मभर बोलले नाहीत, पण वडिलांनी चुलत्यांची चादर बघायची कधी चुकवली नाही. हा मेल्याचं आपल्यालाच आधी कळावं, म्हणून असेल कदाचित.

पाहुणा : मग एवढी माणसं गेली कुठं?

मास्तर : खाण बंद झाली, तरणी माणसं निघून गेली. राहिलेल्यांना शाळा बंद करून कळवलं, की आता तुम्हीही निघा.

पाहुणा : आणि ही चादर?

ताई : काकूचीच. आमच्या वर तिचं एकच घर, मग खिंड. मीच मागून आणली. रंग बघा, किती ऊन खाल्लंय! कडेचे टाके तिच्या सासूचे. उद्या कोणी म्हणालं, कशावरून अशी रीत होती, तर दाखवायला काहीतरी नको?

मास्तर : खालची चिठ्ठी पोरीनंच लिहिलीये. कॉलेजात शिकल्याचं सार्थक.

पाहुणा : ‘ही प्रथा आता राहिलेली नाही.’ हं. मग त्या काकू आता कुंपणावर काय टाकतात?

ताई : दुसरी आहे म्हणाली.

पाहुणा : ती टाकतात?

ताई : नाही. बाळाला भरवताना मी खिडकीतून वर बघतेच की. कुंपण रिकामं असतं. मला वाटलं, चादर दिली म्हणजे रीतही सोडली असेल तिनं. चिठ्ठी तर लिहून झाली होती.

मास्तर : थांब, थांब. दुसरी आहे, असं म्हणाली?

ताई : हो. का?

मास्तर : तो कंदील बघ. तो तिच्याकडून आणला तेव्हाही दुसरा होता. तराजू, पाळणा, ती घागर, सगळ्याला म्हणे घरात दुसरं आहे. अगं, एकट्या बाईच्या घरात इतकं दुसरं असतं होय? मागणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बोलायची पद्धत ती.

ताई : म्हणजे दुसरी चादर नसेलच.

मास्तर : नसेल. किंवा असेल, आणि...

ताई : मास्तर, पुढचं बोलू नका.

पाहुणा : फोन करून बघा ना.

मास्तर : इथं रेंज आली की आम्ही तीही पेटीत ठेवणार आहोत.

पाहुणा : शेवटचं भेटलात कधी?

ताई : चादर आणायला गेले तेव्हाच. मग बाळाला ताप आला. ह्यांनी गाडी नेलीये, संध्याकाळशिवाय येत नाहीत. रोज बघत होते हो मी! डोळ्यांनी बघत होते.

मास्तर : बघितलंस ना? मग आता रडू नको. चादर नाही दिसली तर वर जायचं, एवढंच. माझे गुडघे धड असते तर एव्हाना निघालो असतो.

पाहुणा : मी खिंडीतूनच जाणार आहे.

ताई : मग डावीकडचं एकटं घर. पुढचं दार वाजवू नका, तिला ऐकू येत नाही. मागं स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिथून हाक मारा. आणि ती ‘बरी आहे’ म्हणाली, तरी आत जाऊन बघा.