वारा आणि धक्का

भनपुरीच्या बसमध्ये माझ्यापुढे पोलिसातली एक मुलगी आणि तिचे रिटायर्ड फौजी मामा बसले होते. उद्या तिची रायफलची स्पर्धा होती.

"मोठं काडतूस घे, पायल. त्याच्या गोळीले वारा कमी ढकलते."

"पण मामा, खांद्याले धक्का इतका लागते का घोडा दाबायच्या आधीच माझे डोळे मिटतात."

"अन् छोट्यानं?"

"उघडे राहतात. वारा गोळी सरकवते, पण मैदानातली वाऱ्याची झंडी पाहून तेवढा नेम हटवता येते."



"मग छोटंच घे."

"तुम्ही तर नोकरीभर मोठंच चालवलं. धक्का लागते म्हणून कधी बोलले नाही."

"फौजेत कोणाले सांगावं, बाई? आता रोज सकाळी शर्टाच्या बाहीत हात तुझी मामी घालून देते मले."