ड्रायव्हर साइडचा कान

...आणि वर मलाच विचारतात, "धर्माशेठ, कानात काय घातलंय, गाणी ऐकता काय?" गाणी कसली ऐकतोय बाबा, आमच्या घरातला फ्रीज दिवसभर कुरकुरतो हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, ते ऐकत बसलोय.

तुम्हाला सांगतो, मी काही बहिरा नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या उरणच्या बाजूला बातमी फिरायला वेळ लागत नाही. मला ऐकू येतं हो, कळत नाही एवढंच. म्हणजे कसं, ट्रेलरचा हॉर्न येतो, डीजे येतो, पुढाऱ्याचं भाषण नको असलं तरी येतं, गडीमाणूस बोलला की सगळं येतं. पण आवाज बारीक असला की संपलं. बाईमाणूस, लहान पोरं, चिमणी, कुकरची शिट्टी... समोरच्याचं तोंड हलतं, काहीतरी येतंय हे समजतं, शब्द मात्र वाटेतच उतरून गेलेले असतात. आता आमच्या घरात बारीक आवाजाचं माणूस कोण? बायको. कमळ. म्हणजे याला सगळ्या जगाचं ऐकू येतं, फक्त बायकोचं येत नाही, हे मी डॉक्टरच्या सहीशिक्क्यानं लिहून आणलं असतं तरी कुठल्या बायकोनं मानलं असतं, सांगा ना?

आणि हे झालं कशानं? चौतीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनर ओढले मी. तेव्हाच्या गाड्यांना कुठला आलाय एसी, काच खाली, उजवा कोपर बाहेर, शेजारच्या गाडीचा सायलेन्सर थेट तोंडासमोर, मागचा प्रेशर हॉर्नवर हात ठेवून जणू झोपलेला... ज्या बाजूला स्टिअरिंग त्या बाजूचा कान गेला. मी त्याला ड्रायव्हर साइडचा कान म्हणतो. डावा क्लीनर साइडचा, तो जरा बरा आहे, पण त्याचंही वय झालंच की.

बरं, चाललं होतं की तसंच. अकरा वर्षं चाललं. कमळ बोलायची, मी मान हलवायचो. मान कधी हो म्हणून हलवायची आणि कधी नाही म्हणून, हे तिचं तोंड बघून ठरवायचं, त्यात मी चांगला तयार झालो होतो. पण आमच्या भाविकाचं लग्न ठरलं आणि सगळं बिघडलं.

का बिघडलं सांगतो. आमच्या आगरी लग्नात धवला असतो. हळद लावताना, मांडव घालताना बायका बसून देवाचं, घरादाराचं, नवरीच्या आईबापाचं नाव घेत म्हणतात. म्हणणारी ती धवलारीण. आमची कमळ धवलारीण आहे. गावात आता धवला येणाऱ्या बायका उरल्यात किती, दोन किंवा तीन, त्यात हिचं नाव पहिलं. तीस वर्षं लोकांच्या मांडवात गातेय ती. आणि तीस वर्षांत मी एकदाही ऐकलेला नाही. जोवर कान होता तोवर मी करळ फाट्याला ट्रॅफिकमध्ये, आणि गाडी चालवायची सोडून घरी बसलो तोवर कान गेलेला. लोक येऊन सांगायचे, कमळवहिनींनी काय धवला म्हटला, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणायचो, हो ना, फर्स्ट क्लास. काय फर्स्ट क्लास? मला काय माहीत?

तर एके दिवशी तांदूळ निवडता निवडता ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि अगदी सावकाश म्हणाली, "पोरीच्या हळदीला मीच धवला म्हननार हाय. तुमाला आयकू तरी येनार का ओ?" टोमणा असता ना, तर मी मान हलवून मोकळा झालो असतो. पण टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी म्हटलं, मला ऐकू येतं गं, कळत नाही एवढंच. ती म्हणाली, "मंग धवल्याचा काय उपेग," आणि सूप उचलून गेली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप कानाच्या डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टर म्हणाले, मशीन लावा. मशीन? पोरीच्या लग्नाच्या तोंडावर? नवऱ्याकडचे काय म्हणतील, सासरा बहिरा? मग भाविकानं शोधून काढलं. ती बंदराजवळच्या कंटेनर यार्डात ऑफिसला आहे, फोनमधलं तिला सगळं कळतं. म्हणाली, "बाबा, हे बिनवायरचे इअरबड आहेत, हल्ली सगळेच घालतात, कोणाला संशय येणार नाही. फोनवर कानाची टेस्ट द्यायची. कुठला आवाज तुम्हाला येत नाही ते फोन शोधतो, आणि तेवढाच आवाज वाढवून देतो. तुमच्या मापाचं करून देतो." मला पटलं. ब्लाउज मापाचा शिवतात, कान का नाही?

आता टेस्टला शांत जागा पाहिजे. लग्नघरात शांत जागा कुठून आणायची? फोन सारखा म्हणतोय, खोलीत आवाज आहे, खोलीत आवाज आहे. शेवटी यार्डात गेलो, माझ्याच ट्रेलरच्या केबिनमध्ये, आता पगारी ड्रायव्हर चालवतो ती नवीन गाडी, काचा बंद. ज्या जागेनं माझा कान खाल्ला, तीच सगळ्यात शांत निघाली. मी ड्रायव्हर सीटवर, भाविका क्लीनरच्या सीटवर. म्हणाली, पीप असा आवाज आला की बोट लावायचं.

आणि इथं मी घोळ घातला.

तुम्हाला सांगतो, ड्रायव्हरच्या जातीला टेस्ट म्हटली की एकच कळतं, पास व्हायचं. लायसन नवं करायचं तर डॉक्टर लागतो, नापास झालास की गाडी गेली, गाडी गेली की चूल गेली. एक म्हातारे डॉक्टर कानाजवळ घड्याळ धरून विचारायचे, टिकटिक येते का? ते खिशातून घड्याळ काढायच्या आधीच मी म्हणायचो, येते साहेब, एकदम क्लिअर. तीच खोड. मी काय केलं, भाविकाच्या डोळ्यांकडं बघत बसलो. फोन तिच्या हातात, पडद्यावर काहीतरी हललं की तिची पापणी हलायची. पापणी हलली की मी बोट लावायचो. शिवाय पीप साधारण किती वेळानं येतो त्याचाही अंदाज बसला. उजवा झाला, डावा झाला. निकाल आला, दोन्ही कान उत्तम. कसलीच कमी नाही.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. फोन घेऊन तसाच घरी आलो, कमळच्या नाकासमोर धरला, म्हटलं बघ, मशीन बोललंय, तुझा नवरा एक नंबर. तिनं फोन बघितला. माझ्याकडं बघितलं. मग तिचं तोंड हललं, मला काही कळलं नाही. भाविकानं नंतर सांगितलं, आई म्हणाली, "म्हंजे अकरा वर्सं सगला आयकत व्हते, आनि मुद्दाम गप व्हते."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. हे मला तिसऱ्या दिवशी भाविकानं सांगितल्यावर कळलं.

मग पोरगीच मला केबिनमध्ये बसवून म्हणाली, "बाबा, खरं सांगा, कसं केलंत?" सांगितलं. कपाळाला हात लावला तिनं. "अहो, हा फोन तुमचं लायसन काढून घेणार नाही. तुम्ही पास झालात म्हणून त्यानं एक कणही आवाज वाढवला नाही. तुम्हाला नापास व्हायचंय." आता हे मला कोणी आयुष्यात सांगितलं नव्हतं. नापास व्हायला पण शिकावं लागतं हो. भाविकानं तोंड खिडकीकडं फिरवलं, पापणी दिसू नये म्हणून. मी बोट वर धरून बसलो. बसलो... बसलोच. म्हटलं, अजून चालू नाही का केलंस? ती खिडकीकडंच बघत होती. परत थोडा वेळ. म्हटलं, अगं चालू कर की. तेव्हा ती वळली. डोळे पुसत होती. म्हणाली, "कधीचं चालू आहे बाबा. पंधरा पीप वाजून गेले."

मला ऐकू येतं, कळत नाही एवढंच, हे वाक्य तोंडात आलं होतं. गिळलं मी.

पुढं फोननं माझ्या कानाची रेघ काढून दाखवली. जाड आवाजांना सपाट रस्ता आणि बारीक आवाज सुरू झाले की थेट कर्नाळ्याचा उतार. भाविकानं तेवढा उतार भरून घेतला आणि म्हणाली, आता ऐका. मी सहज इंडिकेटर दिला, आणि टिकटिक, टिकटिक... इंडिकेटर वाजतो हे मी विसरलोच होतो. दहा मिनिटं उजवीकडं वळायचंय म्हणून सांगत बसलो, उभ्या गाडीत. घरी आलो तर बांगड्या वाजतात, पिशवी चुरचुरते, आणि कमळ... मला वाटायचं, वयानं शांत झाली बिचारी. कसली शांत? भाजी चिरताना, केर काढताना, देवाला वात लावताना, तोंडातल्या तोंडात माझ्याच नावानं बडबड. अकरा वर्षांचा माल उतरवायचा राहिला होता.

तरी म्हटलं असू दे, धवला ऐकायचाय.

हळदीचा दिवस. सकाळी धवला, संध्याकाळी डीजे. मी कोपराला घडी पडलेला नवा सदरा घालून, दोन्ही कानांत ते बड घालून मांडवात बसलो. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन आमचे व्याही बाळाजीशेठ आले. तेही जुने ड्रायव्हर, आता चार ट्रेलर आहेत त्यांचे. आवाज म्हणजे रिव्हर्स घेताना क्लीनर ओरडतो तसा. माझ्या कानांकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "व्याही, पोरीच्या हलदीला तरी फोन ठेवा. धंदा काय पलून जातंय?"

झालं. सगळ्या मांडवाचं बघणं माझ्याकडं. बायका कुजबुजायला लागल्या, आणि तीही कुजबुज मला आता ऐकू येत होती, हा आणखी एक फायदा. बाप पोरीच्या हळदीत कॉल लावून बसलाय. कमळनं धवल्यासाठी तोंड उघडलेलं, तिनं मिटलं. पाटावर भाविका, गालाला हळद, माझ्याकडं बघतेय. बाळाजीशेठनी हात पुढं केला, "द्या ते इकडं."

काढून दिले असते तर अब्रू राहिली असती, धवला गेला असता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "फोन नाही हो. मला ऐकू येत नाही." एवढंच. पुढं काही जोडलं नाही.

बाळाजीशेठनी पुढं केलेला हात मागं घेतला आणि हळूच स्वतःच्या कानाला बोट लावलं. "उजवा ना? माझा पन." आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुपारीच्या दिवशी आम्ही दोघं शेजारी बसायला गेलो, तर मी उठून त्यांच्या उजवीकडं, ते उठून माझ्या उजवीकडं, परत मी, परत ते... दोघांनाही दुसरा डाव्या बाजूला हवा. बायका म्हणत होत्या, व्याही किती मानाचे, एकमेकांना जागा देतायत. त्या दिवशी हुंड्यामानपानाचं आमच्यात कसं काय चटकन जुळलं, तेही आत्ता समजलं. दोघांनी नुसत्या माना हलवल्या होत्या.

बाळाजीशेठ माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि कमळला म्हणाले, "म्हना वयनी."

आणि कमळनं धवला म्हटला.

काय सांगू तुम्हाला. आवाज बारीक, पण सुतासारखा सरळ. देवांची नावं घेतली, गावदेवीचं घेतलं, मिठागरावर राबलेल्या माझ्या आईबापाचं घेतलं, मग माझं. बाप गाडीवरून घरी यायचा तेव्हा पोर झोपलेली असायची, बाप तिच्या पायाला हात लावून बघायचा आणि ती उठायच्या आत परत गाडीवर जायचा, असं तिनं त्यात घातलं होतं. मी तेव्हा असं करायचो ते मलाच आठवत नव्हतं. कमळ जागी असायची, बघायची, हे तर मला माहीतच नव्हतं. शब्द न् शब्द आला हो. एक सांडला नाही.

धवला संपला, कमळ उठून माझ्यापाशी आली, हात हळदीचे. विचारलं, "आयकला का?"

मला म्हणायचं होतं, ऐकला गं, सगळा ऐकला. पण तोंड उघडलं असतं तर चारशे माणसांत ड्रायव्हर हमसून रडला असता. म्हणून नुसता बघत राहिलो तिच्याकडं. आता त्या बाईनं काय समजायचं? नवरा गप्प म्हणजे ऐकू आलेलं नाही, एवढंच तिला ठाऊक. तिचं तोंड उतरलं. मग पदर खोचला, माझ्या डाव्या कानापाशी वाकली आणि होत्या नव्हत्या ताकदीनं ओरडली, "धवला आयकला काऽऽ?"

त्या यंत्राला कामच एक दिलेलं, बारीक आवाज आला की मोठा करायचा. त्यानं केला.

आज बारा दिवस झाले. पोरगी सासरी सुखात आहे. डाव्या कानात शिट्टी वाजतेय, डॉक्टर म्हणतात थांबेल. त्याचं काही नाही. पण त्या दिवसापासून मी कमळला रोज सांगतोय, ऐकला गं, शब्द न् शब्द ऐकला, अगदी क्लिअर. ती म्हणते, "तुमी काय, परीक्षेत पन क्लिअरच बोलल्याव." काय करणार? तिला ऐकू येतं हो, पटत नाही एवढंच.